दाइसेन कोफुन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानला निघालेले आणि जाऊन आलेले वाचक साकाईच्या त्या प्रचंड थडग्याबद्दल मला सतत विचारत असतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकच गोष्ट दहा जणांनी दहा तऱ्हांनी विचारली असेल, तर तिचा एकच प्रश्न केला आहे. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्यात पुन्हा दिलेली नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक सांगितला आहे.

१. कोफुन म्हणजे काय? एकच आहे की पुष्कळ आहेत?

'को' म्हणजे जुनं आणि 'फुन' म्हणजे माती रचून केलेलं थडगं. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या मध्यापासून सातव्या शतकापर्यंत जपानमध्ये राजे, सरदार आणि पुढे पुढे गावोगावचे वजनदार लोकही अशा टेकाडांत पुरले गेले. त्या काळाचं नावच मुळी 'कोफुन काळ' आहे. देशभरात अशी सुमारे १,६०,००० टेकाडं नोंदली गेली आहेत. त्यांतली बहुतेक लहान आणि गोल किंवा चौकोनी आहेत. सांगितलं नाही तर शेताकडेचा उंचवटा समजून माणूस पुढे निघून जाईल. दाइसेन कोफुन हा या सगळ्यांत मोठा.

२. दाइसेन कोफुन कुठे आहे आणि केवढा आहे?

ओसाका प्रांतातल्या साकाई शहरात, भर वस्तीत. टेकाडाची लांबी पुस्तकांत ४८६ मीटर दिलेली असते. तळाचा काही भाग खंदकाच्या पाण्याखाली गेलेला आहे. तो मोजल्यावर मूळ लांबी निदान ५२५ मीटर असावी, असं २०१८ साली जाहीर झालं. मागचा गोल भाग २४९ मीटर व्यासाचा आणि सुमारे ३६ मीटर उंच आहे. पुढचा भाग ३०० मीटरांहून अधिक रुंद आहे. भोवती पाण्याचे तीन खंदक आहेत. खंदक धरून सगळी जागा सुमारे ११५ एकर भरते. बाहेरच्या कडेनं फेरी मारली तर २.८ किलोमीटर चालणं होतं.

आकड्यांनी नीट कल्पना येत नाही. मला ती आली चालताना. एका बाजूला लोकांच्या घरांच्या मागच्या भिंती, गॅलरीत वाळत घातलेले कपडे, सायकली. दुसऱ्या बाजूला कुंपण आणि गर्द झाडी. पाऊण तास झाला तरी उजव्या हाताची झाडी संपतच नव्हती. थडग्याच्या कडेनं चालतो आहोत हे मधेच विसरायला होत होतं.

३. वरून तो किल्ली घालायच्या भोकासारखा दिसतो. त्या आकाराचा अर्थ काय?

किल्लीचं भोक ही आजच्या माणसाला विमानातून सुचलेली उपमा आहे. बांधणाऱ्यांच्या मनात कुलूपबिलूप काही नव्हतं. जपानी भाषेत या आकाराला 'झेन्पो-कोएन-फुन' म्हणतात, म्हणजे पुढे चौकोनी आणि मागे गोल. हे नाव १८०८ साली गामो कुन्पेइ या अभ्यासकानं राजांच्या समाध्यांवरच्या आपल्या ग्रंथात वापरलं आणि तेच रूढ झालं.

आकार कसा घडला याचा सगळ्यांत पटणारा उलगडा असा, की आधी गोल टेकाड होतं. त्याभोवती खंदक खणताना आत जायला मातीची एक वाट राखली जायची. ती वाट हळूहळू रुंद आणि उंच होत गेली आणि शेवटी टेकाडाचाच भाग बनली. मुख्य दफन मागच्या गोल भागात असतं.

४. हे कुणाचं थडगं आहे? निन्तोकु कोण होता?

सरकारी यादीप्रमाणे ही सोळावा सम्राट निन्तोकु याची समाधी आहे. त्याची माहिती मिळते ती ७१२ सालचा 'कोजिकी' आणि ७२० सालचा 'निहोन शोकी' या दोन ग्रंथांतून. दोन्ही त्याच्या काळानंतर कित्येक पिढ्यांनी लिहिले गेले, त्यामुळे त्यांत इतिहास आणि आख्यायिका एकमेकांत मुरलेल्या आहेत.

त्याची एक गोष्ट जपानमध्ये अजून सांगतात. राजा उंचावर चढून आपला मुलूख पाहतो, तर एकाही घरातून चुलीचा धूर निघत नाही. म्हणजे लोकांकडे शिजवायला काही नाही. तो तीन वर्षांचा कर माफ करतो. राजवाड्याचं छप्पर गळू लागतं, पाऊस आत येतो, तरी तो डागडुजी करू देत नाही. तीन वर्षांनी पुन्हा पाहतो तेव्हा घराघरांवर धूर असतो, आणि तो राणीला म्हणतो, आता मी श्रीमंत झालो. गोष्ट खरी असो वा नसो, आठव्या शतकातल्या दरबाराला चांगला राजा कसा वाटत होता हे तीतून कळतं.

५. मग तो तिथेच पुरला आहे हे नक्की ना?

नाही, आणि सगळ्यांत अडचणीचा प्रश्न हाच आहे. थडग्यावर कुठेही नाव कोरलेलं नाही. जुन्या ग्रंथांत समाधीची जागा 'मोझुचं माळरान' अशी दिली आहे. त्यावरून मोझुतला सगळ्यांत मोठा कोफुन निन्तोकुचा ठरला.

खरी पंचाईत वयाची आहे. शेजारीच ३६५ मीटर लांबीचा, देशात तिसऱ्या क्रमांकाचा कोफुन आहे. तो निन्तोकुचा मुलगा रिचू याचा म्हणून नोंदलेला आहे. दोन्ही ठिकाणच्या मातीच्या नळकांड्यांची (प्रश्न ९ पाहा) घडण ताडून पाहिली, तर मुलाचं थडगं पाचव्या शतकाच्या सुरुवातीचं ठरतं आणि बापाचं त्याच शतकाच्या मध्याचं. मुलगा बापाच्या आधी गेला म्हणावं, तर ग्रंथांप्रमाणे तो बापानंतर गादीवर बसला. म्हणजे दोन्ही नावांपैकी निदान एक तरी चुकीच्या टेकाडाला लागलेलं आहे.

म्हणूनच पुरातत्त्वाचे अभ्यासक 'निन्तोकु सम्राटाची समाधी' असं न म्हणता गावाच्या नावावरून 'दाइसेन कोफुन' म्हणतात. मीही तेच नाव वापरते. आत कोण आहे ते ठाऊक नसताना नाव घेऊन टाकणं मला बरं वाटत नाही. रस्त्यावरच्या पाट्यांवर मात्र दोन्ही नावं दिसतील, तेव्हा गोंधळू नका. जागा एकच आहे.

६. असं चुकीच्या राजाच्या नावावर असलेलं दुसरं थडगंही आहे का?

आहे, आणि तिथलं उत्तर जवळपास लागलेलं आहे. ५३१ साली वारलेल्या केइताई सम्राटाची समाधी म्हणून इबाराकी शहरातला एक कोफुन सरकारी यादीत आहे. पण तो पाचव्या शतकाच्या मध्याचा, म्हणजे सम्राटाच्या मृत्यूच्या कितीतरी आधीचा निघाला. तिथून जवळच ताकात्सुकी शहरात इमाशिरोझुका नावाचा, १९० मीटरांचा, सहाव्या शतकाच्या सुरुवातीचा कोफुन आहे. बहुतेक अभ्यासक खरी समाधी तीच मानतात.

ती यादीबाहेर राहिली, म्हणून तिथे खोदकाम करता आलं (यादीतल्या समाध्या का खोदत नाहीत ते प्रश्न ११ मध्ये). मातीची घरं, घोडे, योद्धे, पुजारणी ओळीनं मांडलेलं एक आख्खं अंगण तिथे सापडलं. दगडी शवपेट्यांचे तुकडेही मिळाले. त्यांतला एक गुलाबी दगड थेट क्यूशू बेटावरच्या आसो ज्वालामुखीच्या परिसरातून आणलेला आहे. १५९६ च्या भूकंपात हे टेकाड खचलं. आज तिथे बाग आहे, मुलं चढउतर करतात. यादीतल्या चुकीमुळे एका सम्राटाची समाधी सगळ्यांना खुली झाली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

७. 'मोझु' हे पक्ष्याचं नाव आहे असं ऐकलं. थडग्याशी पक्ष्याचा काय संबंध?

मोझु म्हणजे आपला खाटीक पक्षी. तोच, जो किडे-सरडे काट्यांना टोचून ठेवतो. 'निहोन शोकी'त म्हटलंय की निन्तोकुनं हयातीतच समाधीची जागा ठरवून काम सुरू करवलं. एक दिवस रानातून एक हरीण धावत आलं आणि राबणाऱ्या लोकांमध्ये पडून मेलं. जखम कुठे आहे म्हणून पाहू लागले, तर त्याच्या कानातून खाटीक उडाला. कान आतून कुरतडलेला होता. म्हणून त्या जागेला 'मोझु-मिमिहारा' नाव पडलं. 'मिमि' म्हणजे कान, 'हारा' म्हणजे माळ. ओसाका प्रांताचा पक्षी आजही मोझुच आहे, आणि थडग्याजवळच्या रेल्वे स्थानकाचं नावही.

८. यंत्रं नसताना एवढं बांधलं कसं? किती माणसं लागली?

लोखंडी पातं बसवलेली लाकडी फावडी, टोपल्या आणि माणसांचे खांदे. खंदक खणायचा आणि तीच माती मधे टाकून तुडवत तीन टप्प्यांचं टेकाड उभं करायचं. सुमारे १४ लाख घनमीटर माती लागली.

१९८५ साली ओबायाशी या बांधकाम कंपनीनं याचा रीतसर हिशोब मांडला. जुन्या पद्धतीनं, ऐन भरात दिवसाला २,००० माणसं लावली तर १५ वर्षं ८ महिने. एकूण सुमारे ६८ लाख मनुष्यदिवस. हा आजच्या अभियंत्यांचा अंदाज आहे, जुनी नोंद नव्हे. जिथे तिथे हा आकडा नोंद असल्यासारखा फिरतो म्हणून मुद्दाम सांगते. पण त्यातून एक गोष्ट उघड होते. पंधरा वर्षं हजारो माणसांना शेतातून उचलून आणायचं आणि रोज जेवू घालायचं, तर तेवढा भात गोळा करणारी आणि ऐकायला लावणारी सत्ता हवी. धुराच्या गोष्टीतला दयाळू राजा आणि ही पंधरा वर्षांची मजुरी मला अजून एका चित्रात बसवता आलेली नाहीत.

९. हानिवा म्हणजे काय? राजाबरोबर जिवंत माणसं पुरत, त्याऐवजी या बाहुल्या आल्या म्हणतात, ते खरं का?

हानिवा म्हणजे थडग्यावर मांडलेल्या भाजलेल्या मातीच्या वस्तू. सगळ्यांत जास्त असतात साधी नळकांडी, टेकाडाच्या पायऱ्यांवर कुंपणासारखी ओळीनं रोवलेली. मग घरं, ढाली, पाणपक्षी, घोडे, माणसं. दाइसेनवरून बाईचं डोकं आणि घोड्याचं डोकं मिळालं आहे.

जिवंत माणसांची गोष्ट 'निहोन शोकी'तली आहे. सुइनिन सम्राटाच्या भावाबरोबर त्याचे सेवक जिवंत पुरले. त्यांचं रडणं कित्येक दिवस ऐकू येत राहिलं. राजाला ते सहन झालं नाही. पुढे राणी वारली तेव्हा नोमि नो सुकुने यानं शंभर कुंभार बोलावून मातीची माणसं आणि घोडे करवले. गोष्ट मनात घर करते, पण जमिनीतला पुरावा तिला साथ देत नाही. आधी आली ती नळकांडी, आणि ती निघाली आजच्या ओकायामा भागातल्या, दफनविधीत घागर ठेवायच्या उंच बैठकीपासून. मातीची माणसं खूप नंतर आली.

१०. आत काय आहे? कुणी पाहिलंय का?

मुख्य दफन आजच्या कुणीही पाहिलेलं नाही. पण १८७२ साली पुढच्या चौकोनी भागाचा उतार ढासळून एक दगडी कक्ष उघडा पडला. आत मोठ्या पेटाऱ्याच्या आकाराची दगडी शवपेटी होती. भोवती सोन्याचा मुलामा दिलेलं चिलखत, शिरस्त्राण, लोखंडी तलवारी आणि काचेची भांडी. रंगीत चित्रं काढून घेतली गेली, कक्ष पुन्हा बुजवला आणि आज हाताशी आहेत ती मुख्यतः चित्रंच. त्यांवरून केलेलं चिलखत आणि शवपेटीची प्रतिकृती दाइसेन बागेतल्या साकाई नगर संग्रहालयात पाहायला मिळते.

हे दफन पुढच्या भागातलं आहे हे लक्षात ठेवा. म्हणजे टेकाडात निदान दोन जण असावेत. दुसरा कोण, हा प्रश्न ५ इतकाच अधांतरी आहे.

११. मग खोदून पाहत का नाहीत? इतकं कुतूहल असताना थांबलेत कसे?

कारण ती पुरातत्त्वाची जागा असण्याआधी राजघराण्याच्या पूर्वजाची समाधी मानली जाते. तिची देखभाल 'इम्पीरियल हाउसहोल्ड एजन्सी'कडे, म्हणजे राजघराण्याचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्याकडे आहे. तिथे आजही विधी होतात. एजन्सीचं म्हणणं असं, की तिथली शांतता मोडायची नाही. सामान्य माणसाला आत पाऊल टाकता येत नाही. २००८ पासून अभ्यासकांच्या संघटनांना काही राजसमाध्यांच्या खालच्या टप्प्यापर्यंत जाऊ देतात. २०१८ साली दाइसेनच्या खंदकांमधल्या आतल्या बांधावर एजन्सी आणि साकाई शहर यांनी मिळून थोडं खोदकाम केलं, तेव्हा दगडांची फरसबंदी आणि हानिवांची रांग मिळाली.

माझं मत विचाराल तर, शवकक्ष उघडायची घाई नको. आपल्या माणसाची राख कुणी उकरलेली कुणाला आवडेल? पण बांध, खंदक आणि खालच्या पायऱ्या लाटांनी झिजत चालल्या आहेत. तिथलं काम वाढायला हवं, कारण तारखा तिथेच मिळतात.

१२. इतकी शतकं चोरांनी सोडलं असेल का?

सगळ्यांना तर नक्कीच नाही. तेन्मु सम्राट आणि जितो सम्राज्ञी यांची असुका इथली समाधी १२३५ साली फुटली, त्याची त्या काळची नोंद आहे. जितोच्या अस्थी चांदीच्या कलशात होत्या. चोरांनी कलश नेला आणि अस्थी रस्त्यावर टाकून दिल्या. त्या नोंदीमुळेच ही समाधी खरोखर कुणाची हे आज खात्रीनं सांगता येतं.

१३. एवढं मातीचं टेकाड. इतिहासात त्याला इतकं महत्त्व का?

कारण त्या काळच्या जपानचं स्वतःचं लिहिलेलं जवळजवळ काही नाही. चिनी नोंदींत जपानचं नाव तेव्हा 'वा' होतं, आणि २६६ ते ४१३ पर्यंत त्या नोंदी 'वा'बद्दल गप्प आहेत. नेमक्या त्याच काळात कोफुन वाढत गेले. ते कुठे आहेत, केवढे आहेत, कुणाचा नमुना कुणी उचलला, यावरूनच तो इतिहास वाचावा लागतो. नारा खोऱ्यात तिसऱ्या शतकाच्या मध्यात सुमारे २८० मीटरांचा हाशिहाका कोफुन उभा राहिला. पाचव्या शतकात सगळ्यांत मोठी थडगी ओसाकाच्या मैदानात, समुद्राजवळ सरकली. टेकाडावर तेव्हा झाडं नव्हती. सगळा उतार दगडांनी मढवलेला होता. कोरिया-चीनकडून येणाऱ्या जहाजांना खाडीत शिरताना ते दिसावं, हाच हेतू असणार असं मला वाटतं.

पाचव्या शतकात 'वा'च्या पाच राजांनी चीनच्या दरबारी दूत पाठवले. त्यांतला शेवटचा, बु, ४७८ सालच्या पत्रात लिहितो की आमच्या पूर्वजांनी स्वतः चिलखत चढवून पूर्वेचे ५५ आणि पश्चिमेचे ६६ देश जिंकले. ही फुशारकी की खरं?

उत्तराचा एक तुकडा तोक्योच्या उत्तरेला साइतामा प्रांतात मिळाला. तिथल्या इनारियामा कोफुनमध्ये १९६८ साली एक गंजलेली तलवार निघाली. दहा वर्षांनी गंज थांबवायचं काम चालू असताना पात्यावर सोनेरी चमक दिसली. क्ष-किरणांनी पाहिलं, तर सोन्यानं जडवलेली ११५ अक्षरं. वोवाके नावाचा माणूस आपल्या आठ पिढ्या सांगतो आणि म्हणतो की मी वाकाताकेरु महाराजांची सेवा केली. साल ४७१ चं धरतात. वाकाताकेरु म्हणजे युर्याकु सम्राट, बहुतेक तोच चिनी नोंदीतला बु. मग क्यूशूतल्या एता-फुनायामा कोफुनमध्ये १८७३ सालीच मिळालेल्या तलवारीवरची अर्धवट अक्षरंही त्याच नावाची म्हणून वाचता आली. देशाच्या दोन टोकांना एकाच राजाचं नाव! दाइसेनसारखी थडगी कुणाच्या जोरावर उभी राहिली, ते या दोन पात्यांवरून कळतं.

१४. हे जगातलं सगळ्यांत मोठं थडगं आहे का?

लांबीनं पाहिलं तर याच्या तोडीचं दुसरं क्वचितच. उंचीनं आणि आकारमानानं नाही. खुफूचा पिरॅमिड मूळ १४६ मीटर उंच होता आणि त्यात साधारण २६ लाख घनमीटर दगड आहे. दाइसेनच्या मातीचा आकडा प्रश्न ८ मध्ये आहे.

१५. असे कोफुन कोरियातही सापडतात म्हणे. मग मूळ कल्पना कुणाची?

दक्षिण कोरियाच्या नैर्ऋत्येला, योंगसान नदीच्या खोऱ्यात याच आकाराची डझनभर थडगी आहेत. पण ती पाचव्या शतकाच्या अखेरची आणि सहाव्याच्या सुरुवातीची. जपानमधली त्यांच्याआधी दोन शतकं उभी होती. तेव्हा आकार जपानचाच. आत पुरलेले तिथले स्थानिक सरदार की जपानहून गेलेले लोक, यावर मात्र दोन्ही देशांत जोरात वाद आहे. उलट दिशेनं कोरियातून जपानला काय आलं, तेही विसरू नका: लोखंड, घोडे, उंच तापमानाला भाजलेली राखाडी भांडी.

१६. कोफुन बांधणं बंद का झालं? आणि याचा भारताशी काही संबंध?

या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे. सहाव्या शतकात बौद्ध धर्म कोरियामार्गे जपानच्या दरबारात पोचला. सरदार घराणी वैभव दाखवायला टेकाडांऐवजी मंदिरं बांधू लागली. ६४६ सालच्या फर्मानानं थडग्यांचा आकार आणि मजुरांची संख्या दर्जाप्रमाणे मर्यादित केली. प्रश्न १२ मधल्या जितो सम्राज्ञीचं ७०३ साली दहन झालं. दहन झालेली ती पहिली राज्यकर्ती. अस्थी कलशात ठेवायची ही रीत बौद्ध धर्माबरोबर आपल्याकडूनच तिथवर गेली.

याच्या आधीचा एक धागाही आहे, अगदी बारीक. जपानच्या जुन्या थडग्यांत सापडणाऱ्या इवल्याशा काचेच्या मण्यांपैकी काही दक्षिण भारतात आणि आग्नेय आशियात होणाऱ्या मण्यांच्या जातीचे आहेत. हातोहात समुद्र ओलांडत गेलेले.

१७. प्रत्यक्ष जाऊन काय दिसतं? लोक म्हणतात, नुसती झाडी आहे.

खरं आहे, नुसती झाडी आहे. ओसाकातल्या तेन्नोजी स्थानकाहून हान्वा मार्गाच्या लोकलनं मोझुला उतरा. चालत थोड्या वेळात दक्षिणेकडच्या दर्शनस्थळी पोचाल. बारीक खडी, कुंपण, पलीकडे तोरी कमान, पाणी आणि त्यामागे काळपट हिरवी भिंत. बगळे असतात. स्थानिक लोक थांबतात, वाकून नमस्कार करतात आणि कामाला लागतात. मोठ्यानं बोलू नका, कुंपणाला टेकू नका, फोटो चालतो.

साकाई नगरपालिकेच्या एकविसाव्या मजल्यावर फुकट जाता येतं, पण आकार तिथूनही उमटत नाही. लांबट जंगल दिसतं. हा परिसर २०१९ साली जागतिक वारसा झाला, एकूण ४९ कोफुन धरून. ४२५ मीटरांचा दुसऱ्या क्रमांकाचा ओजिन सम्राटाचा कोफुन शेजारच्या हाबिकिनो शहरात आहे.

१८. मुलांना वर चढायचंय, आत शिरायचंय. असं कुठे जमेल?

दाइसेनवर नाही (प्रश्न ११). चढायचं तर ओकायामाजवळचा त्सुकुरियामा: ३५० मीटर, देशात चौथा, आणि राजघराण्याच्या यादीत नसल्यामुळे मोकळा. आत शिरायचं तर नारा प्रांतातल्या असुका गावचा इशिबुताई. त्याची माती कधीच वाहून गेली आहे. उरलाय तो प्रचंड शिळांचा कक्ष, ज्याच्या छताची एक शिळा सुमारे ७७ टनांची आहे. तो ६२६ साली वारलेल्या सोगा नो उमाको या मंत्र्याचा मानतात.

आणि नवा असताना कोफुन कसा दिसत असेल ते पाहायचं, तर कोबेचा गोशिकिझुका. १९४ मीटरांचं ते टेकाड पुन्हा दगडांनी मढवलंय, कडेला हानिवांच्या प्रतिकृती उभ्या केल्यात. वर चढलं की समोर आकाशीची सामुद्रधुनी आणि तिच्यावरचा पूल. उन्हाळ्यात दगड तापतात, पाण्याची बाटली आणि टोपी बरोबर ठेवा.